आर्किटेक्चरची इंटर्नशिप: चार महिन्यांचं चीज कशाने होतं?

१० जुलै २०२४. सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतले लोक घराबाहेर धावले. भूकंपाची तीव्रता ४.५ होती आणि केंद्रबिंदू होता कळमनुरी तालुक्यातला रामेश्वर तांडा. त्याच वर्षी २१ मार्चलाही सकाळी सहानंतर हिंगोली जिल्ह्यात काही मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले होते. पहिला ४.५ चा, दुसरा ३.६ चा.

या धक्क्यांच्या वेळी प्रशासनाने लोकांना एक साधं आवाहन केलं होतं: घरावर पत्रे असतील आणि त्यावर आधाराला दगड ठेवले असतील, तर ते काढून घ्या.

हे दगड तिथे का असतात, हे गावाकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी वादळी वारा सुटला की पत्रे उडतात. पत्रा खालच्या पाइपाला नीट आवळलेला नसेल, तर वर वजन ठेवणं हाच उपाय उरतो. दगड ठेवला तर भूकंपाची भीती, काढला तर वाऱ्याची. दोन्ही एकदम घालवायच्या असतील तर पत्रा पाइपाला, पाइप भिंतीला आणि भिंत पायाला बांधलेली असावी लागते. कोणता बोल्ट वापरायचा, तो किती अंतरावर घ्यायचा, पाइप भिंतीत कसा रोवायचा, हे कुणीतरी ठरवायचं असतं, कागदावर काढायचं असतं आणि मिस्त्रीला समजावून सांगायचं असतं.

हे आर्किटेक्टचं काम आहे. पण वर्गात बसून ते अर्धंच शिकता येतं. उरलेलं अर्धं शिकण्यासाठी अभ्यासक्रमात इंटर्नशिप ठेवलेली आहे. ती सार्थकी लागली की वाया गेली, हे कसं ओळखायचं? आणि कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावातून शिकायला बाहेर पडलेल्या मुलामुलींनी ती निवडताना काय पाहावं?

इंटर्नशिप सक्तीची का आहे?

बी.आर्क. ही पदवी पाच वर्षांची, म्हणजे दहा सत्रांची असते. या शिक्षणाची किमान मानकं वास्तुकला परिषद, म्हणजे काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर ठरवते. ही परिषद १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टखाली स्थापन झाली. तिच्या १९८३ च्या नियमावलीत एका सत्राचं, म्हणजे साधारण १६ आठवड्यांचं, आर्किटेक्टच्या ऑफिसातलं प्रशिक्षण सांगितलं होतं. २०२० च्या नव्या नियमावलीतही प्रत्यक्ष कामाचं सत्र कायम राहिलं. ते नेमकं कोणत्या वर्षी घ्यायचं, हे विद्यापीठानुसार बदलतं. साधारणपणे पहिली तीन वर्षं झाल्यावर विद्यार्थी ऑफिसात जातात.

हे १६ आठवडे इतके महत्त्वाचे का, हे समजायला अमेरिकेकडे एकदा पाहू. तिथे परवाना मिळवण्यासाठी उमेदवाराला ३,७४० तासांच्या कामाची नोंद दाखवावी लागते. ते तासही सहा वेगवेगळ्या प्रकारच्या कामांत विभागलेले असतात, आणि वर परीक्षा असते. आपल्याकडे पदवी मिळाली की परिषदेकडे नोंदणी करता येते आणि नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लिहिता येतं. रोजचे आठ तास आणि आठवड्याचे सहा दिवस धरले, तर १६ आठवड्यांचे तास होतात ७६८. म्हणजे तिकडच्या जवळपास एक पंचमांश.

आपल्याकडे सक्तीचा अनुभव इतकाच. पदवीनंतर बहुतेक जण काही वर्षं नोकरी करून शिकतात हे खरं. पण कायद्याने पाहिलं तर या चार महिन्यांनंतर तुमच्या सहीवर कुणाचं तरी घर उभं राहू शकतं. म्हणून हे चार महिने फक्त प्रमाणपत्रासाठी ढकलण्यासारखे नाहीत.

चांगली इंटर्नशिप म्हणजे काय?

बहुतेक विद्यार्थी तीन गोष्टी पाहतात: ऑफिसचं नाव, मानधन आणि राहण्याची सोय. तिन्ही महत्त्वाच्या आहेतच. पण शिकण्याच्या दृष्टीने खरा प्रश्न एकच आहे: कागदावरची रेघ भिंत होईपर्यंत तिचं काय काय होतं, हे मला इथे पाहायला मिळेल का?

चार महिन्यांत एक इमारत पूर्ण होत नाही. पण चालत्या ऑफिसात एकाच वेळी अनेक कामं वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. एक परवानगीत अडकलेलं, एक जोत्यापर्यंत आलेलं, एकाचा स्लॅब पडायचा, एकाच्या फरश्या चाललेल्या. या सगळ्यांत थोडं थोडं डोकावायला मिळालं, तर अख्खी इमारत पाहिल्यासारखंच असतं. त्यासाठी पाच ठिकाणी तुमचा वावर हवा.

१. वर्किंग ड्रॉइंग

कॉलेजातलं ड्रॉइंग इमारत कशी दिसेल हे सांगतं. वर्किंग ड्रॉइंग ती कशी बांधायची हे सांगतं. या दोन्हींतला फरक एका जिन्यावरून कळतो. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या काढल्या आणि फरशीची जाडी धरायला विसरलात, तर फरशी बसल्यावर पहिली किंवा शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा वेगळी होते. पायाला सवय झालेली असते, आणि माणूस नेमका तिथेच ठेचकाळतो. छज्जाच्या खालच्या कडेला एक बारीक खाच ठेवायची असते, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच ठिबकून पडतं आणि उलटं भिंतीकडे येत नाही. ही खाच कॉलेजच्या शीटवर कुणाला दिसत नाही. घरात ओल आली की मात्र सगळ्यांना दिसते.

इंटर्नला पहिल्याच आठवड्यात पूर्ण सेट काढायला कुणी देणार नाही. पण ज्येष्ठ माणसाने लाल पेनाने दुरुस्त केलेलं ड्रॉइंग परत काढायला मिळणं, आणि ती दुरुस्ती का केली हे विचारायला मिळणं, हेच खरं शिक्षण आहे.

२. साइट

साइटवर एकदा फेरी मारून फोटो काढणं वेगळं आणि स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी तिथे उभं राहणं वेगळं. त्या दिवशी सेंट्रिंगचे टेकू तपासले जातात, सळया मोजल्या जातात, सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवलेत का ते पाहिलं जातं. एकदा काँक्रीट पडलं की आत काय आहे हे कुणालाच दिसत नाही. म्हणून हा एक दिवस चुकवू नका.

कॉलमच्या रिंगांकडे तर मुद्दाम पाहा. उभ्या सळयांना धरून ठेवणाऱ्या या रिंगांचं टोक काटकोनात न सोडता १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे वळवायचं असतं. भूकंपात कॉलमचा बाहेरचा थर आधी झडतो. टोक नुसतं काटकोनात असेल तर रिंग उघडते, उभ्या सळया वाकतात आणि कॉलम बसतो. टोक आत वळलेलं असेल तर रिंग धरून राहते. भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाच्या आयएस १३९२० या भारतीय मानकात हे सांगितलेलं आहे. पण वाकवण्याचं काम फिटरच्या हातात असतं, आणि घाईच्या दिवशी ते टोक तसंच राहून जातं. ते कुणाच्या लक्षात येतं आणि आल्यावर तो काय करतो, हे पुस्तकात नाही.

साइटवरची भाषाही शिकावी लागते. तुमच्या ड्रॉइंगवर २३० मिलिमीटरची भिंत असते. मिस्त्री तिला ‘नऊ इंची’ म्हणतो, ११५ च्या भिंतीला ‘साडेचार इंची’. वाळू ब्रासमध्ये येते, बारीक माप सुतात सांगितलं जातं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गावात वाढलेल्या मुलांना हे शब्द कानावर पडून माहीत असतात. कॉलेजात ते सांगताना संकोच वाटतो, साइटवर मात्र तेच उपयोगी पडतात.

३. परवानगी

इमारत आधी नियमांत बसवावी लागते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही ठरावीक भाग वगळता एकच नियमावली लागू आहे. तिचं नाव एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. ऑफिसात सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. पुण्यात असाल तरी हीच, कळमनुरी नगर परिषदेच्या हद्दीत असाल तरी हीच. प्लॉटच्या आकारानुसार आणि रस्त्याच्या रुंदीनुसार तिच्यातले आकडे बदलतात.

म्हणून पुण्याच्या ऑफिसात शिकलेलं समासातलं अंतर, चटईक्षेत्राचा हिशेब, जिन्याची रुंदी हे सगळं उद्या गावी परतल्यावरही कामी येतं. सात-बारा आणि मोजणी नकाशा कसा वाचायचा, जागा अकृषिक झाली आहे का हे कसं पाहायचं, त्रुटीचं पत्र आलं तर उत्तर कसं द्यायचं, हे एकदा तरी कुणाच्या शेजारी बसून बघा. कंटाळवाणं वाटतं, पण बऱ्याच घरांचं काम अडतं ते इथेच.

४. अंदाजपत्रक

ज्या विद्यार्थ्याने एकाही घराच्या विटा, सिमेंट आणि सळई मोजली नाही, त्याला आपली रेघ कितीला पडते हे कळत नाही. घरमालक मात्र ते पहिल्या दिवसापासून मोजत असतो. निदान एका खोलीचं मोजमाप स्वतः काढा आणि ऑफिसच्या हिशेबाशी ताडून पाहा. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर आहे, म्हणजे जेमतेम २७० चौरस फूट. एवढ्याशा जागेत एक भिंत इकडची तिकडे केली की किती विटा वाचतात, हे स्वतः काढून पाहण्यासारखं आहे.

५. घरमालक

बैठकीत कोपऱ्यात बसून टिपणं घ्यायला मिळणं ही मोठी संधी असते. लोक ‘मला हवेशीर घर हवं’ असं सहसा म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘हळदीची पोती कुठं ठेवायची?’ किंवा ‘आई जिना चढत नाही.’ त्यातून खोलीची जागा, दाराची रुंदी, ओट्याची उंची निघते. हे भाषांतर चांगला आर्किटेक्ट कसा करतो, ते पाहून शिकायचं असतं.

वाया जाणारी इंटर्नशिप कशी ओळखायची?

काही लक्षणं पहिल्या दोन आठवड्यांतच दिसतात.

• रोज फक्त चित्रं रंगवायला किंवा थ्रीडी व्ह्यू काढायला मिळतात, पण ती इमारत कुठे आहे हे कुणी सांगत नाही.
• साइटवर जायचं विचारलं की दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात’ असं उत्तर मिळतं.
• चूक झाली की ड्रॉइंग दुसऱ्याकडे जातं, काय चुकलं ते कळत नाही.
• ज्यांच्या हाताखाली शिकायचं, ते आर्किटेक्ट महिन्यातून एकदा दिसतात.
• रोज रात्री उशिरापर्यंत थांबणं हा अपवाद नसून रिवाज आहे.

यातलं एखादं लक्षण चार दिवस दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. स्पर्धेची किंवा सादरीकरणाची घाई असली की सगळं ऑफिसच जागतं. पण महिनाभर तेच चाललं असेल तर कॉलेजातल्या प्रशिक्षण समन्वयकांशी बोला. १६ आठवड्यांतले चार गेले म्हणजे पाव भाग संपला.

आणि कंटाळवाणं काम म्हणजे वाईट काम नव्हे. दरवाजे-खिडक्यांची यादी करणं रटाळ असतं. पण ती करताना प्रत्येक दार कुठल्या बाजूला उघडतं याचा विचार करावा लागतो, आणि तो विचार पुढे आयुष्यभर पुरतो.

मोठं नाव की लहान ऑफिस?

मोठ्या ऑफिसात रुग्णालयं, विमानतळ, मोठे गृहप्रकल्प पाहायला मिळतात. कामाची शिस्त, ड्रॉइंगला नावं देण्याची पद्धत, तज्ज्ञांशी होणारा समन्वय कळतो. पण तिथे इंटर्नच्या वाट्याला एका मोठ्या यंत्राचा छोटा भाग येतो. चार महिने फक्त स्वच्छतागृहांचे तपशील काढणारे इंटर्न असतात.

पाच-सहा जणांच्या ऑफिसात याउलट सगळंच करावं लागतं. सकाळी साइट, दुपारी नगर परिषद, संध्याकाळी ड्रॉइंग. ऑफिस चांगलं असेल तर शिकणं भरपूर होतं. पण तिथे सगळं एका माणसावर अवलंबून असतं. त्या माणसाला शिकवायची आवड नसेल, तर पळापळ होते आणि हाती फारसं लागत नाही.

दोन्ही बाबतींत एक गोष्ट आधी तपासा: मार्गदर्शक आर्किटेक्ट परिषदेकडे नोंदलेले आहेत का. नोंदणी क्रमांक ‘सीए’, मग वर्ष, मग आकडा असा असतो, आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो. मार्गदर्शक नोंदणीकृत नसेल तर तुमचं सत्रच अडचणीत येऊ शकतं.

पुण्या-मुंबईलाच जावं का?

कळमनुरीहून हिंगोली साधारण वीस किलोमीटर, नांदेड साधारण सत्तर. आर्किटेक्चरची बरीचशी ऑफिसं आहेत ती मात्र छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई अशा शहरांत. तिकडे जाण्यात गैर काहीच नाही. पण जाण्याआधी एक हिशेब कागदावर मांडा.

समजा, पुण्यात खोलीचा तुमचा वाटा महिना ५,००० रुपये, खानावळ ४,०००, प्रवास आणि किरकोळ खर्च १,५००. एकूण १०,५००. चार महिन्यांचे ४२,०००. मानधन ६,००० मिळालं तर चार महिन्यांत २४,००० येतात. उरलेले १८,००० घरून. मानधन नसेल तर पूर्ण ४२,००० घरून. आकडे तुमचे तुम्ही घाला, पण हिशेब घरी बसून, आईवडिलांसमोर करा. सोयाबीनला भाव पडलेल्या वर्षी या अठरा हजारांचं ओझं वेगळं असतं.

हा हिशेब मांडला की मग विचारता येतं: या पैशांत मला तिथे जे पाहायला मिळणार आहे, ते नांदेडला किंवा संभाजीनगरला मिळणार नाही का? कधी उत्तर ‘नाही’ येईल, मग जरूर जा. कधी ‘मिळेल’ येईल. जवळच्या शहरातलं, साइट दाखवणारं ऑफिस हे दूरच्या, फक्त चित्रं रंगवून घेणाऱ्या ऑफिसापेक्षा केव्हाही सरस.

मराठवाड्यात पाहण्यासारखं आहेही भरपूर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-धाराशिव भागात सुमारे आठ हजार माणसं गेली. जाड दगडी भिंती, त्यात मातीचा गिलावा, आणि वर माळवदाचं जड छत. भिंतींचे आतले-बाहेरचे थर एकमेकांत नीट गुंतलेले नव्हते, ते फुटले आणि छत खाली आलं. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली आणि लाखाहून जास्त घरं आहे तिथेच दुरुस्त किंवा मजबूत केली गेली. भिंतीतून आरपार जाणारे बांधदगड आणि भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा हे उपाय तेव्हा गवंड्यांपर्यंत पोहोचवले गेले. तो भूकंप होईपर्यंत तो भाग नकाशावर सगळ्यात कमी धोक्याचा समजला जात होता. कळमनुरीच्या धक्क्यांकडे पाहताना हे लक्षात ठेवायला हवं.

मानधन मागणं योग्य आहे का?

आहे. ‘शिकायला मिळतंय, मग पैसे कशाला?’ हा युक्तिवाद जुना आहे, आणि त्याच्या बाजूने मोठी नावंही सांगता येतात. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी १९५१ मध्ये पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्या ऑफिसात गेले, तेव्हा पहिले आठ महिने त्यांनी बिनपगारी काम केलं. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. पण या गोष्टीत एक प्रश्न राहून जातो: जे आठ महिने बिनपगारी राहू शकत नव्हते, त्यांचं काय झालं? ते त्या दारापर्यंत पोहोचलेच नाहीत.

जगभरात हा विचार आता बदलतो आहे. २०१९ मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीच्या पॅव्हिलियनचं काम जपानी आर्किटेक्ट जुन्या इशिगामी यांच्याकडे होतं. त्यांच्या ऑफिसात बिनपगारी इंटर्न घेतले जातात हे समोर आल्यावर गॅलरीने सांगितलं की या कामावरच्या प्रत्येकाला पैसे द्यावेच लागतील. त्याच सुमारास चिलीच्या अलेहांद्रो अरावेना यांच्या ऑफिसने बिनपगारी इंटर्न घेणं बंद केलं. म्हणजे प्रित्झकर मिळालेल्या ऑफिसलाही हा प्रश्न टाळता आला नाही.

मानधन ऑफिसगणिक बदलतं, म्हणून रक्कम, तारीख आणि प्रवासखर्च रुजू होण्याआधी ई-मेलवर लिहून घ्या. विचारताना ओशाळू नका. ‘सर, मानधन किती आणि साइटला जाण्याचा खर्च ऑफिस देतं का?’ एवढं वाक्य पुरेसं आहे.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात बारावी पासला ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. पण ती शिक्षण संपलेल्या बेरोजगार तरुणांसाठी आहे. शिकत असलेल्या विद्यार्थ्याच्या सत्रातल्या इंटर्नशिपला ती लागू होत नाही.

मुलींनी आणि पालकांनी काय लक्षात ठेवावं?

आर्किटेक्चरला मुली मोठ्या संख्येने आहेत, पण साइटवर अजूनही त्यांच्यासाठी साधं स्वच्छतागृह नसतं. हा प्रश्न मुलाखतीतच विचारा. तो विचारणाऱ्या मुलीला बिचकून पाहणारं ऑफिस पुढेही अडचणीचंच ठरेल.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असावी लागते. आर्किटेक्चरची बरीच ऑफिसं याहून लहान असतात. तिथल्या तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. म्हणजे ऑफिस चार जणांचं आहे म्हणून दाद मागायची सोय नाही, असं होत नाही.

रोज दहा मिनिटं कशासाठी द्यायची?

वहीसाठी. कॉलेज अहवाल मागतंच, पण तो शेवटच्या आठवड्यात आठवून लिहिला की त्यात काहीच राहत नाही. रोज तीन ओळी लिहा: आज काय काढलं, काय चुकलं, कुणी काय सांगितलं. आठवड्यातून एक रेखाचित्र हाताने काढा, साइटवर प्रत्यक्ष पाहिलेल्या एखाद्या जोडाचं.

ऑफिसची ड्रॉइंग स्वतःच्या पोर्टफोलिओत घालण्याआधी परवानगी घ्या. ती घरं कुणाच्या तरी मालकीची आहेत. आणि पोर्टफोलिओत लिहिताना ‘हे मी डिझाइन केलं’ असं लिहू नका. ‘यातल्या जिन्याचं वर्किंग ड्रॉइंग मी काढलं’ असं लिहा. मुलाखत घेणाऱ्याला दुसरं वाक्य जास्त खरं वाटतं, आणि त्यावर त्याने प्रश्न विचारले तर तुम्हाला उत्तरंही देता येतात.

रुजू होण्याआधी विचारायचे सात प्रश्न

१. सध्या किती कामं चालू आहेत आणि ती कोणत्या टप्प्यावर आहेत?
२. आठवड्यातून किती वेळा साइटवर जायला मिळेल?
३. माझं काम रोज कोण तपासेल?
४. परवानगीच्या आणि अंदाजपत्रकाच्या कामात बसायला मिळेल का?
५. कामाची वेळ काय, आणि उशीर झाला तर घरी जायची सोय काय?
६. मानधन किती, कधी, आणि प्रवासखर्च कोण देणार?
७. मागच्या वर्षीच्या इंटर्नशी बोलता येईल का?

यातला सातवा सगळ्यात महत्त्वाचा. त्याला मोकळेपणाने ‘हो, हा नंबर घ्या’ म्हणणारं ऑफिस बहुधा चांगलंच असतं.

गावी परतल्यावर

आर्किटेक्ट्स ॲक्ट ‘आर्किटेक्ट’ हे नाव कुणी लावायचं ते ठरवतो. इमारतीचा आराखडा दुसऱ्या कुणी करूच नये, असं तो म्हणत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. लहान गावांत घरं उभी राहतात ती मिस्त्री, ठेकेदार आणि मालक यांच्या बोलण्यातून. तिथे आर्किटेक्टला आपली गरज पदवी दाखवून पटवता येत नाही, कामातूनच पटवावी लागते.

म्हणून एक सोपी परीक्षा घेऊन पाहा. इंटर्नशिपला जाण्याआधी स्वतःच्या घराचं मोजमाप घेऊन नकाशा काढा. भिंती, छत, जिना, दारं, सगळं. परत आल्यावर तोच नकाशा पुन्हा हातात घ्या. पहिल्या वेळी न दिसलेल्या किती गोष्टी आता दिसतात? भिंतीवर छत नुसतं टेकलंय की बांधलंय? पाणी कुठून मुरतंय? आणि शेजारच्या घरावरच्या पत्र्यावर दगड असतील, तर ते काढून पत्रा कसा आवळायचा हे एका कागदावर काढून, गावच्या मिस्त्रीला त्याच्याच शब्दांत समजावता येतंय का?

येत असेल, तर चार महिन्यांचं चीज झालं.